विंच बसवायचीय ना? मग ओढ कुठं जाते ते आधी बघ

अगं, तू पाठवलेले सगळे बंपर मी निवांत बसून बघितले. दिसायला एकापेक्षा एक देखणे आहेत. पण खरं सांगू का, त्यातल्या निम्म्यांवर मी माझी विंच अडकवणार नाही. लगेच हिरमुसू नकोस, तुझी निवड वाईट नाही. फोटोत फक्त तोंड दिसतं आणि विंचच्या बंपरचं सगळं काम पाठीमागं असतं, म्हणून म्हणते.

तुझं डोकं भणभणलंय हे मला कळतंय. गॅरेजवाला एक सांगतो, दुकानदार दुसरंच सांगतो, नवरा म्हणतो हे लोढणं कशाला, आणि सासूबाईंना वाटतं सुनेनं गाडीला शिंगं लावायला घेतली. तू सगळ्यांचं ऐक, पण मनात एकच प्रश्न धरून ठेव: विंच रुतलेली गाडी ओढायला लागली की ती ओढ कुठं जाते? झाडाला बांधलेल्या पट्ट्यापासून हुकात, हुकातून दोरात, दोरातून ड्रममध्ये, तिथून विंचच्या पायांतल्या बोल्टांत, बोल्टांतून खालच्या जाड पत्र्यात, पत्र्यातून ब्रॅकेटमध्ये आणि ब्रॅकेटमधून चासीत. या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जेवढी सोसेल तेवढीच तुझी विंच. तुझी जिमनी शिडीसारख्या वेगळ्या चासीवर उभी आहे, ही जमेची बाजू. दुकानात गेलीस की बंपर उलटा करून मागायचा आणि विचारायचं, "दादा, हा चासीला कुठं आणि किती बोल्टांवर बसतो?" उत्तर देताना तो चाचरला, किंवा मूळ बंपरच्या बारीक खिट्ट्यांकडे बोट दाखवू लागला, तर नमस्कार करून बाहेर पड.

आता कडू औषध आधी घेऊ, म्हणजे पुढचं गोड लागेल. कायदा बघ. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं की गाड्यांना पुढं लावलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार नियमात बसत नाहीत, कारवाई करा. कारण साधं आहे. असल्या लोखंडानं रस्त्यावरच्या पायी माणसाला जास्त मार लागतो आणि गाडीतल्या माणसाचंही संरक्षण बिघडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२अ असं सांगतं की परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक' या शब्दाकडे लक्ष दे हं. "सगळेच लावतात की" हे उत्तर चौकात उभ्या असलेल्या हवालदारापुढं चालत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. नळ्यांची कमान असलेला, बॉनेटच्या वर येणारा तो भला मोठा बंपर विसर. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीला तो नकोच. मूळ बंपरच्या मागं लपणारा विंचचा ट्रे मिळतो, तो बघ. आणि बंपरच बदलायचा असेल तर गाडीच्या मूळ घेराबाहेर न जाणारा, आखूड, कडा गोल असलेला घे. नियमाच्या दृष्टीनं हेही बदलच आहेत, तेव्हा पैसे देण्याआधी तुमच्या आरटीओत लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. विमा कंपनीलाही कळव. न सांगता लावलेल्या वस्तूवरून दावा अडकला की तू आणि मी दोघी रडत बसू. वॉरंटीचंही तसंच, सर्व्हिस सेंटरला आधीच विचारून ठेव. आणि मूळ बंपर भंगारात देऊ नकोस. जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेव, त्याच्या सगळ्या क्लिपा आणि स्क्रूंसकट.

गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या आडवाटेवर गाड्या चालवायच्या शर्यतीची भारतातली स्पर्धा होते. तिथल्या गाड्यांचे फोटो बघून तुझे डोळे दिपलेत, मला ठाऊक आहे. तिथं विंच हे शोभेचं अंग नाही, तिच्यावाचून गाडी पुढंच सरकत नाही. पण त्या गाड्या मुळातच चिखलासाठी बांधलेल्या असतात. तुझ्या जिमनीला सोमवारी ऑफिसला जायचंय, शनिवारी चंदगडच्या शेतावर. तुलना करायचीच तर तिथल्या दोर हाताळण्याच्या शिस्तीशी कर, लोखंडाच्या वजनाशी नको.

बरं, विंच केवढी घ्यायची? इथं बाजारात तुला हमखास मोठी विकायला बघतील. साधा हिशेब असा की गाडीचं माणसं आणि सामानासकट एकूण वजन घ्यायचं आणि त्याची दीडपट करायची. पाच दारांच्या जिमनीचं असं एकूण वजन १,५४५ किलो धरलेलं आहे. दीडपट केली की २,३०० किलोच्या थोडं वर जातं, म्हणजे साधारण ५,१०० पौंड. विंच पौंडात विकतात, म्हणून तो आकडा लक्षात ठेव. म्हणजे ६,००० पौंडांची तुला कशीबशी पुरते आणि ८,००० ची आरामात पुरते. १२,००० ची घेतलीस तर पैसे जास्त, वजन जास्त आणि वीजही जास्त.

आरामात पुरेल अशीच का घ्यायची, तेही समजून घे. विंचवर छापलेली ताकद ही ड्रमवर दोराचा सगळ्यात आतला एकच थर असताना मिळते. वर एकेक थर चढला की ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ कमी होत जाते. तिसऱ्या-चौथ्या थरावर ती तिसऱ्या हिश्शानं किंवा त्याहूनही जास्त घटलेली असते. झाड अगदी जवळ असेल तर दोर थोडाच बाहेर येतो, म्हणजे नेमकी तेव्हाच विंच अशक्त असते. त्यावर उपाय आहे गं, पुली घ्यायची. झाडाला पुली लावून दोर परत गाडीच्या मजबूत हुकाला आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. रुतलेल्या गाडीला घाई नसतेच.

वजनाकडे वळू. लोखंडी बंपर आणि विंच मिळून सत्तर-ऐंशी किलो सहज होतात, आणि ते सगळे पुढच्या चाकांच्याही पुढं लटकतात. म्हणजे एक धडधाकट माणूस तू कायमचा नाकावर बसवलास. पुढच्या स्प्रिंगा दबतात, दिव्यांचा झोत बदलतो, ब्रेक मारताना नाक जास्त झुकतं. काम सुरू करण्याआधी सपाट फरशीवर गाडी उभी कर, चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपनं मोज आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेव. बसवून झाल्यावर परत मोज. नाक फारच खाली गेलं असेल तर पुढं थोड्या कडक स्प्रिंगा लागतील, तो खर्च आत्ताच हिशेबात धर. जिमनी चढाला ३६ अंशांपर्यंत नाक न घासता भिडते. ठोकळ्यासारखा बंपर लावून तू तेच घालवलंस तर विंच लागायची वेळ जास्तच येईल, नाही का? लोखंडाऐवजी प्लास्टिकसारख्या धाग्याचा, म्हणजे सिंथेटिक दोर घेतलास तर वजनातले काही किलो तिथंही वाचतात.

आणि एअरबॅग. यावर मी तडजोड करत नाही, तूही करायची नाहीस. मूळ बंपरच्या मागं जे पोकळ भाग असतात ते टक्कर झाली की चिरडण्यासाठीच बनवलेले असतात. धक्का किती आणि कसा आत पोचतो त्यावर एअरबॅग कधी उघडायची हे ठरतं. त्या जागी ताठ लोखंड बसवलं की ते गणित बिघडू शकतं. म्हणून तुझ्याच मॉडेलसाठी, एअरबॅगचा विचार करून बनवलेला बंपर किंवा ट्रे घे आणि ते विक्रेत्याकडून कागदावर लिहून घे. "थोडं कापून बसवून देतो ताई" म्हणणाऱ्या वेल्डिंगवाल्याला प्रेमानं चहा पाज आणि घरी पाठव.

आता प्रत्यक्ष बसवायचा दिवस. एकटीनं करायचं नाही, दोन माणसं हवीतच. जड वस्तू चेहऱ्याच्या उंचीवर धरून बोल्टाचं भोक शोधणं हे एकट्याचं काम नव्हे. आधी चावी काढ, बॅटरीच्या ऋण टोकाचा लग सोडव आणि एअरबॅगची वीज विरेपर्यंत थोडा वेळ थांब. तोवर मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढ. मग ग्रिल, मग मूळ बंपर. क्लिपा ओढायच्या नाहीत, चपट्या प्लास्टिकच्या पट्टीनं हळू उचलायच्या. मी पहिल्यांदा एवढ्या मोडल्या होत्या की माझी ग्रिल कित्येक दिवस केसांच्या रबरबँडवर उभी होती आणि शेजारच्या काकू रोज तिची चौकशी करायच्या. बोल्ट जसजसे निघतील तसतसे वेगवेगळ्या वाट्यांत ठेव आणि वाटीखाली चिठ्ठी ठेव. फॉग लाइटचे आणि हॉर्नचे जोड हातानं सोडव, वायर धरून उपटू नकोस.

विंच बंपरमध्ये किंवा ट्रेमध्ये जमिनीवरच बसवून घे. एकदा बंपर गाडीला लागला की आतल्या बोल्टापर्यंत पाना पोचत नाही आणि मग माणूस देवाला आणि गॅरेजवाल्याला एकदमच आठवायला लागतो. विंचच्या पायाचे बोल्ट तिच्यासोबत आलेलेच वापर. डोक्यावर ८.८ किंवा त्याच्या वरचा आकडा कोरलेला असतो, तो बघून घे. लांबीही तीच हवी. लांब बोल्ट आत टेकतो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण पकडतच नाही. आखूड असेल तर दोन-तीन आट्यांवर सगळा भार येतो. ड्रम कुठल्या दिशेनं फिरतो आणि दोर खालून निघतो की वरून, हे पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून बघ. ड्रम हातानं मोकळा करायचा खटका बंपर लागल्यावरही बोटांना पोचायला हवा, तेही आत्ताच तपास.

मग दोघांनी मिळून बंपर उचला, खाली जॅक आणि लाकडी ठोकळे ठेवा, आणि चासीचे सगळे बोल्ट आधी नुसते बोटांनी लावा. एकही पूर्ण आवळायचा नाही. दोन्ही बाजूंची फट सारखी कर, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठं घासत नाही ना ते बघ, मगच टॉर्क पान्यानं पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळ. अंदाजानं "अजून थोडं" करणारे हात बोल्ट ताणून ठेवतात. कुठं भोक पाडलं असेल किंवा रंग खरवडला असेल तर लगेच प्रायमर मार. आपल्याकडचा पाऊस उघड्या लोखंडाला आठवडाभरही सोडत नाही.

नंबर प्लेट विसरू नकोस! दोर बाहेर यायची चौकट बरोबर तिथंच येते जिथं पाटी असते. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटीच येते आणि ती न उघडणाऱ्या खिळ्यांनी बसवलेली असते. काढायची म्हणजे खिळा तुटणार आणि परत रीतसर बसवून घ्यावी लागणार. त्यामुळे पाटीची जागा आधी ठरव. पाटी हुकामागं झाकली गेली तर बाकी सगळं नियमात असूनही दंड होईल.

विजेचं काम मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घे आणि शेजारी उभी राहून बघ. पूर्ण भाराखाली अशी विंच चारशे अँपिअरच्या वर खाऊ शकते. तुझ्या गाडीचा अल्टरनेटर त्यातला पाव हिस्सा देईल तर पुष्कळ, बाकीचं बॅटरीतून जातं. म्हणून बॅटरी धडधाकट हवी आणि ओढताना इंजिन चालूच हवं. विंचच्या जाड वायरी थेट बॅटरीवरच जातात, मधल्या कुठल्याही फ्यूजबॉक्समधून नाही. पत्र्याच्या भोकातून जिथं वायर जाते तिथं रबराची चकती हवी, पंखा आणि सायलेन्सरपासून वायर लांब हवी, आणि बॅटरीजवळ सगळं तोडणारा एक मोठा स्विच हवाच हवा. विंच वापरत नसताना तो बंद. मिनिटभर ओढलं की थांबायचं आणि मोटरला हात लावून बघायचं. चटका बसला तर चहाचा थर्मास उघड, ती निवेपर्यंत तूही बस.

सगळं जोडल्यावर हॉर्न, फॉग लाइट, इंडिकेटर एकदा चालवून बघ. मी एकदा हात धुऊन पेढेसुद्धा वाटले आणि मग हॉर्नचा जोड ओट्यावर सापडला, म्हणून सांगतेय. पुढचे काही घाट चढताना तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेव. रेडिएटरसमोर विंच आली की वारा थोडा अडतो. पाचेकशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्यानं तपास.

दोराचं सांगते. तार घेतलीस तर रोलरची चौकट, सिंथेटिक घेतलास तर गुळगुळीत ॲल्युमिनियमची. तारेनं चरे पाडलेल्या रोलरवरून सिंथेटिक दोर ओढलास तर तो कापला जातो. तार दणकट असते, पण तिचे तुटलेले केस हातात घुसतात आणि ती तुटली तर जीवघेणी उसळते. सिंथेटिक हलका आणि त्या मानानं सुरक्षित, पण त्याला ऊन, गरम ड्रम आणि चिखलातली वाळू सोसत नाही. पावसाळ्यात वापरलास की घरी येऊन साध्या पाण्यानं धू आणि सावलीत वाळव. तुझ्यासाठी मी सिंथेटिकच म्हणेन.

नवा दोर ड्रमवर सैल गुंडाळलेला येतो. घड्या न घालता कपाटात कोंबलेल्या साडीसारखा तो पहिल्याच ओढीत खालच्या थरात घुसून अडकतो. म्हणून पहिल्या दिवशी मोकळ्या, किंचित चढाच्या जागी जा. दोर पूर्ण बाहेर काढ, पण ड्रमवर सिंथेटिकचे दहाएक वेढे आणि तारेचे निदान पाच राहू दे. टोक झाडाच्या बुंध्याला रुंद पट्ट्यानं बांध, दोर थेट झाडाला कधीच नाही, साल सोलली जाते आणि दोरही खराब होतो. न्यूट्रलमध्ये टाक, आत बसलेल्या माणसाला ब्रेकला हलकासा पाय ठेवायला सांग आणि गाडीच्याच वजनावर दोर एकाशेजारी एक घट्ट गुंडाळून घे.

त्याच दिवशी चार सवयी हाताला लावून घे. जाड हातमोजे घातल्याशिवाय दोराला स्पर्श नाही. ताणलेला दोर ओलांडायचा नाही, कुणालाही ओलांडू द्यायचा नाही. दोरावर मधोमध जड चादर किंवा ओली गोणी टाकायची आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षाही लांब पिटाळायचं. यात लाजायचं नाही, मोठ्यानं ओरड. आणि हुक परत त्याच दोरात अडकवायचा नाही, शॅकलनं पट्ट्यात अडकवायचा. आणखी एक, धक्का देऊन ओढायचा तो ताणणारा पट्टा वेगळा, तो विंचच्या दोराला कधी जोडू नकोस.

आता तू म्हणशील, ताई, एवढं सगळं मला जमेल का? अगं, रोज दोन मुलांचे डबे, ऑफिस आणि घाटातली गाडी सांभाळतेस, तुला हे नक्की जमेल. फक्त क्रम मोडू नकोस. आधी आरटीओ आणि विमा, मग वजनाचा हिशेब, मग विंच आणि शेवटी बंपर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, आधी दिसायला छान बंपर घेतात आणि मग त्यात मावेल ती विंच शोधतात. आणि वर्षातून एकदाच शेतावर रुतत असशील, सोबत दुसरी गाडीही असेल, तर विंच घेऊच नकोस. चांगला पट्टा, दोन शॅकल, चाकाखाली घालायच्या फळ्या आणि हातानं चालवायची विंच एवढ्यात तुझं भागेल. त्यात कमीपणा काहीच नाही. पण महिन्यातून दोनदा एकटी जात असशील तर घे, नीट बसव, आणि पहिला पाऊस पडायच्या आत एकदा कोरड्यात ओढून बघ. येत्या रविवारी टेप घेऊन गाडीची उंची मोज आणि आकडे मला पाठव, बंपर मग बघू.